गिऱ्हाईक कुणी आणलं?

  भाताची झोडणी उरकली, कणग्या भरल्या, आता संध्याकाळी रेडिओ ऐकायला जरा उसंत मिळत असेल. म्हणून आज थोडं डोकं लावायचा विषय घेतलाय. विषय आहे कमिशनचा, आणि तेही मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या कमिशनचा. "आम्हाला काय करायचंय त्याचं" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. ही गोष्ट आपल्याच ऑफिसात सुरू होते, सातासमुद्रापार जाते आणि शेवटी आपल्याच रजिस्टरात येऊन थांबते.

यंदा दिवाळीच्या आधी आपल्या अकरा गटांनी मिळून पिशव्या सील करायची मशिनं घ्यायचं ठरवलं. नाचणीचे पापड, मेतकूट, इंद्रायणी तांदळाची किलो-किलोची पाकिटं, सगळं मेणबत्तीवर चिकटवून आपल्या बायकांनी बोटं भाजून घेतली होती. पण कुठलं मशिन घ्यावं ते कुणालाच कळत नव्हतं. भोरच्या बाजूची एक मुलगी आहे. कॉलेजात शिकते आणि मोबाइलवर मराठीत व्हिडिओ करते. तिचा एक व्हिडिओ आपल्या व्हॉट्सॲपवर फिरत होता. तिनं तीन मशिनं स्वतः वापरून बघितली होती. कुठल्याची तार लवकर जळते, कुठल्यानं जाड पिशवी चिकटत नाही, बटण किती वेळ दाबून धरायचं, सगळं आपल्या भाषेत सांगितलं होतं. व्हिडिओच्या खाली मशिनची लिंक होती. आणि तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "या लिंकवरून घेतलंत तर तुम्हाला एक रुपयाही जास्त पडणार नाही. मला मात्र दुकानाकडून थोडं कमिशन मिळेल."

आम्ही म्हटलं, पोरीनं एवढी मेहनत केलीय, तर तिच्याच लिंकवरून घेऊ. ऑफिसातल्या लॅपटॉपवर बसलो, लिंक उघडली, अकरा मशिनं एकदम मागवली, पैसे भरले. मशिनं आली. चांगली निघाली.

दिवाळी झाल्यावर आम्ही तिला हौसेनं फोन केला. म्हटलं, "तुझ्या लिंकवरून आम्ही अकरा मशिनं घेतली बरं का!" तिकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "ताई, माझ्याकडं तर एकही दिसत नाही." आम्ही म्हटलं, नीट बघ, तारीख सांगतो. तिनं बघितलं. त्या तारखेला काही नव्हतं, मागच्या-पुढच्या तारखेलाही नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "असू दे ताई. तुम्ही व्हिडिओ बघितलात, तेच पुष्कळ झालं."

मैत्रिणींनो, ते "असू दे" आम्हाला लागलं. एका मशिनमागं तिला साधारण ऐंशी रुपये मिळायचे, म्हणजे अकरा मशिनांचे ८८० रुपये. तेवढ्यात तिचा मोबाइलचा रिचार्ज आणि एसटीचं भाडं निघालं असतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तिला वाटलं आम्ही तोंडदेखलं बोलतोय. घेतलं दुसरीकडून आणि गोड बोलायला फोन केला. आम्ही तर खरं बोलत होतो. मग ते कमिशन गेलं कुठं?

आपल्या एका वहिनींचा भाचा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो. तो सुट्टीला आला होता. त्यानं लॅपटॉप उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, हे वर कोपऱ्यात काय बसवलंय?" ते कूपन शोधायचं एक साधन होतं. आम्हीच बसवलं होतं. कुठंतरी जाहिरात आली होती, "प्रत्येक खरेदीवर पैसे वाचवा, अगदी फुकट." फुकट म्हटल्यावर आम्ही दाबलं बटण. मग आम्हाला आठवलं. मशिनांचे पैसे भरायच्या पानावर एक चौकट उघडली होती, "तुमच्यासाठी कूपन शोधू का?" आम्ही हो म्हटलं. ते बराच वेळ गरगर फिरलं आणि म्हणालं, "कूपन सापडलं नाही, तुम्हाला आधीच चांगला भाव मिळालाय." त्याच्या खालचं बटण दाबून आम्ही चौकट बंद केली. भाचा म्हणाला, "त्याच बटणात त्या मुलीचं कमिशन गेलं असणार."

हे कसं होतं ते आता नीट समजून घेऊ. भोरच्या बाजारपेठेत भांड्याचं एक दुकान आहे असं समजा. दुकानदार तुम्हाला म्हणतो, "काकू, तुम्ही कुणाला माझ्याकडं पाठवलंत तर त्यांच्या हातात तुमच्या नावाची चिठ्ठी द्या. त्यांनी खरेदी केली की शंभराला पाच रुपये तुमचे." तुम्ही शेजारणीला कुकर कुठला चांगला ते समजावून सांगता, चिठ्ठी देता आणि दुकानाची वाट दाखवता. शेजारीण जाते, कुकर पसंत करते, पैसे द्यायला गल्ल्यापाशी येते. तिथं एक टापटीप माणूस उभा असतो. तो म्हणतो, "थांबा वहिनी, काही सूट मिळते का बघतो." इकडं तिकडं बघितल्यासारखं करतो आणि म्हणतो, "नाही हो, आज काही सूट नाही." पण तेवढ्यात त्यानं तिच्या हातातली तुमची चिठ्ठी काढून स्वतःच्या नावाची ठेवलेली असते. दुकानदार हातातली चिठ्ठी बघतो आणि पाच रुपये त्या माणसाला देतो.

यात शेजारणीचा एक पैसाही गेला नाही, म्हणून ती तक्रार करत नाही. दुकानदाराला पाच रुपये कुणाला तरी द्यायचेच होते, त्यामुळं त्यालाही लगेच कळत नाही. आणि तुम्ही घरी बसलेल्या. शेजारीण गेली का, तिनं घेतलं का, तुम्हाला काहीच कळत नाही. तुम्ही म्हणता, नसेल घेतलं. असू दे.

कॉम्प्युटरवर या चिठ्ठीला कुकी म्हणतात. तुम्ही कुणाची लिंक दाबली की दुकान तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एक बारीकशी नोंद ठेवतं, अमक्या बाईनं हे गिऱ्हाईक पाठवलं. काही दुकानांत ही नोंद एक दिवस टिकते, काहींत महिनाभर. आणि बहुतेक ठिकाणी नियम असा आहे, की खरेदीच्या आधी ज्याची लिंक सगळ्यात शेवटी दाबली गेली, कमिशन त्याचं. आधी कुणी कितीही समजावून सांगितलेलं असो, शेवटचा हात ज्याचा त्याची मजुरी. कूपनवाल्या साधनाची जागा तर गल्ल्यापाशीच. पैसे भरायच्या क्षणी त्यानं स्वतःची लिंक गुपचूप उघडली, की शेवटचा हात त्याचा झाला.

तुम्हाला वाटेल हे कुठल्या तरी भुरट्या माणसाचं काम असेल. तसं नाही. अमेरिकेतली गोष्ट सांगतो. तिथं हनी नावाचं असंच कूपन शोधणारं साधन २०१२ साली निघालं. हनी म्हणजे मध. नाव गोड, काम गोड, आणि फुकट. मोठमोठे यूट्यूबवाले पैसे घेऊन त्याची जाहिरात करत होते. २०१९ साली पेपाल या बड्या कंपनीनं ते विकत घेतल्याचं जाहीर केलं. किंमत होती सुमारे ४ अब्ज डॉलर. त्या वेळच्या भावानं आपले साधारण २८ हजार कोटी रुपये. तेव्हा दर महिन्याला सुमारे १ कोटी ७० लाख लोक ते वापरत होते. फुकटच्या वस्तूला एवढी किंमत का आली, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

२०२४ च्या डिसेंबर महिन्यात मेगालॅग या नावानं व्हिडिओ करणाऱ्या एकानं सगळं उघड्यावर मांडलं. त्यानं दाखवलं, की गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाच्या लिंकवरून आलेलं असलं तरी पैसे भरायच्या वेळी हनी स्वतःची खूण ठेवतं. कूपन सापडलं नाही तरी ठेवतं. त्यानं एक खरेदी स्वतःच्या लिंकवरून करून बघितली, तेव्हा त्याला ३५ डॉलरच्या वर कमिशन मिळालं. तीच खरेदी हनी वापरून केली, तेव्हा ते कमिशन त्याच्याकडं आलं नाही. हनीनं गिऱ्हाईक म्हणून त्याला बक्षिसाचे पॉइंट दिले, त्यांची किंमत ८९ सेंट, म्हणजे एक डॉलरसुद्धा नाही. त्यानं दुसरा आरोप असा केला, की ज्या दुकानांशी हनीचा करार आहे तिथं गिऱ्हाइकाला कुठलं कूपन दिसावं हे दुकान ठरवू शकतं. म्हणजे "सगळ्यात चांगली सूट आम्ही शोधून देतो" हेही दर वेळी खरं नाही. यात चटका लावणारी गोष्ट ही, की ज्यांचं कमिशन जात होतं त्यातल्या कित्येकांनी स्वतःच हनीची जाहिरात करून आपल्या माणसांना ते बसवायला लावलं होतं.

त्याच महिन्यात काही यूट्यूबवाल्यांनी मिळून कॅलिफोर्नियाच्या कोर्टात दावा लावला. पेपालचं म्हणणं असं, की आम्ही या धंद्याचे नियम आणि रीतच पाळतो, आणि शेवटच्या लिंकला कमिशन हीच या धंद्याची रीत आहे. पुढं २०२५ च्या मार्चमध्ये गूगलनं क्रोममध्ये बसवायच्या अशा साधनांसाठी नियम कडक केले. गिऱ्हाइकाला उघड दिसेल असा काही फायदा दिल्याशिवाय कमिशनची लिंक घुसवायची नाही, असं त्यात आलं. म्हणजे सूट सापडली नाही तर गुपचूप चिठ्ठी बदलायची नाही.

आता यात नीतीचा प्रश्न काय, ते बघू. गटाच्या बैठकीत आम्ही हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, "ताई, नियमच तसा असेल तर त्याला चोरी कसं म्हणायचं?" प्रश्न चांगला आहे. तो झटकून टाकायचा नाही.

याच धंद्यात चोरी ठरलेलं एक प्रकरण आहे. शॉन होगन नावाचा एक अमेरिकन माणूस ईबे या ऑनलाइन बाजाराला गिऱ्हाईक पाठवून कमिशन घ्यायचा. त्यानं अशी युक्ती केली, की लोक भलतीच पानं बघत असताना त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ईबेची खूण आपोआप बसायची. त्यांनी कुठलीही लिंक दाबलेली नसायची. त्यातला कुणी पुढं आपल्या मनानं ईबेवर गेला आणि खरेदी केली, की कमिशन होगनला. सरकारी पक्षाच्या हिशेबानं त्यानं ईबेकडून सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर कमिशन घेतलं होतं. त्यानं गुन्हा कबूल केला आणि २०१४ साली त्याला पाच महिन्यांची कैद झाली. तिथं कुणाला काही विचारलंच नव्हतं, म्हणून ते उघड उघड फसवणुकीत बसलं.

कूपनवाल्याचं तसं नाही. त्यानं आपल्याला विचारलं होतं आणि आपण हो म्हटलं होतं. पण कशाला हो म्हटलं होतं? सूट शोधायला. चिठ्ठी बदलायला आपण हो म्हटलेलं नव्हतं. घरात पाणी प्यायला आलेल्या माणसाला आपण या म्हणतो. त्यानं जाताना फडताळातला डबा नेला, तर "तुम्हीच घरात घेतलं होतं" हे उत्तर आपण ऐकून घेऊ का? एका कामाची परवानगी घेऊन दुसरंच काम करायचं, आणि ते दुसरं काम दिसू द्यायचं नाही. आमच्या मते खोट इथं आहे. कोर्ट काय म्हणायचं ते म्हणेल, पण जे काम समोरच्याला सांगायची लाज वाटते ते काम सरळ नसतं. एवढं कळायला वकील लागत नाही.

आपल्या बाजारातलीच तुलना करून बघा. आपल्या घरचा भाजीपाला पुण्याच्या मार्केट यार्डात जातो. अडत्याला आपण किती शिव्या देतो! पण अडत्या संध्याकाळी पट्टी देतो. पट्टीवर माल किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, सगळं लिहिलेलं असतं. पट्टी हातात असते म्हणून भांडता येतं. वर्षानुवर्षं भांडून झाल्यावर २०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता माल घेणाऱ्याकडून घ्यायचा निर्णय केला. कशामुळं? पैसे कुठं जातात ते कागदावर दिसत होतं म्हणून. त्या मुलीच्या हातात मात्र पट्टीच नाही. तिला फक्त एक शून्य दिसतं. लोकांनी घेतलंच नाही म्हणून शून्य, की मधल्या मधे कुणी उचललं म्हणून शून्य, हे तिला कळायला काही मार्गच नाही. मग ती काय करते? आपलंच काहीतरी चुकलं म्हणते आणि हळूहळू व्हिडिओ करायचं सोडून देते. तिनं सोडलं की आपल्याला मराठीत खरं सांगणारं कुणी राहत नाही. आपलं नुकसान तिथं आहे. आज पैशाचं दिसत नाही, पण आहे.

असं सगळं आम्ही बैठकीत तावातावानं सांगत होतो. आयत्या बिळावर नागोबा, अशी म्हणही वापरून झाली होती. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ते अमेरिकेचं कळलं. पण आपल्या तांदळाचं काय झालं?"

आणि खोली गप्प झाली.

तांदळाचं काय झालं ते आता सांगतो. लपवून काही उपयोग नाही. गेल्या वर्षी आपण पुण्यात एका मोठ्या सोसायटीत एक दिवस तांदळाचा स्टॉल लावला होता. तो स्टॉल मिळाला आपल्या एका ताईमुळं. तिची नणंद त्या भागात घरकाम करते. ही ताई दोन रविवार पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेली. पाच इमारतींचे जिने चढली. घराघरात मूठ-मूठ तांदूळ नमुन्याला दिला, भात शिजवून बघा म्हणाली, नावं आणि फ्लॅटचे नंबर वहीत लिहून आणले. तिकिटाचे पैसे तिनं स्वतःचे घातले. आणि विक्रीच्या आदल्या रात्री तिच्या सासऱ्यांना दवाखान्यात हलवायला लागलं. ती येऊ शकली नाही.

त्या दिवशी २४० किलो तांदूळ गेला, सत्तर रुपये किलोनं. १६ हजार ८०० रुपये झाले. लोक येत होते आणि विचारत होते, "त्या नमुना देऊन गेल्या होत्या, त्या कुठं आहेत?" आपला नियम होता, बिल जी करेल तिला शंभराला पाच. बिलं टेबलावर बसलेल्या दोघींनी केली. ८४० रुपये त्या दोघींच्या नावावर लागले. ताईच्या नावावर शून्य. आम्हीच रजिस्टरात लिहिलं. आमच्याच अक्षरात आहे.

ताई काही बोलली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "असू दे." त्यानंतर ती बैठकीला यायची बंद झाली. बचतीचे पैसे जावेच्या हाती पाठवायची. आम्ही हजेरीत तिच्या नावापुढं लिहीत राहिलो, "घरगुती अडचण". अडचण घरात नव्हती, आपल्या नियमात होती. कुणी आणलं ते विचारायचं नाही, गल्ल्यावर कोण होतं तेवढंच बघायचं, हाच तर तो शेवटच्या हाताचा नियम. अमेरिकेतल्या कंपनीनं केला तर आपण त्याला नागोबा म्हटलं, आणि तोच नियम आपण वर्षभर चालवत होतो.

पण मैत्रिणींनो, यातही घाईनं न्याय करता येत नाही. टेबलावरच्या दोघी काय चोर होत्या? दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या, पोती उचलली, सुट्ट्या पैशांवरून लोकांची बोलणी खाल्ली. त्यांचीही मेहनत खरीच. आम्ही त्या दोघींशी बोललो. एकीनं लगेच निम्मे पैसे काढून ठेवले. दुसरी म्हणाली, "मी नियमानं घेतलेत. परत का देऊ?" काही जणींना राग आला. पण विचार केला तर तिचंही बरोबर होतं. तिनं कुणाची चिठ्ठी लपवली नव्हती. चिठ्ठी ठेवायची सोयच आपण केली नव्हती. मग गटानं असं ठरवलं, की नियम गटाचा होता, चूक नियमाची होती, म्हणून भरपाई गटानं करायची. पहिलीलाही तिचे पैसे परत दिले. ताईचा वाटा आणि तिच्या एसटीच्या तिकिटांचे पैसे गटाच्या निधीतून काढले आणि चौघी जणी तिच्या घरी गेलो. तिनं चहा केला. पैसे मोजून घेतले आणि म्हणाली, "पैशाचं नव्हतं हो काही. मी गेले होते हे कुणी म्हटलंच नाही." पुढच्या शनिवारी ती बैठकीला आली. उशिरा आली, पण आली.

आता आपल्या विक्रीच्या रजिस्टरात दोन रकाने आहेत. एक "गिऱ्हाईक कुणी आणलं" आणि दुसरा "बिल कुणी केलं". शंभरातले तीन रुपये आणणारीला, दोन बिल करणारीला. कुणी आणलं ते माहीत नसेल तर ते तीन रुपये गटाच्या निधीत जातात, गल्ल्यावरच्या बाईच्या खिशात जात नाहीत. तुमच्या गटाला हे प्रमाण पटलं नाही तर चार-एक ठेवा. पण दोन रकाने ठेवा.

आणि त्या मुलीचं काय झालं? आम्ही ते साधन लॅपटॉपवरून काढून टाकलं. तिला परत फोन केला आणि काय सापडलं ते सगळं सांगितलं. नंतर गटांसाठी वजनकाटा घ्यायचा होता, तो तिच्याच लिंकवरून मागवला. या वेळी तिचा संध्याकाळी निरोप आला, "ताई, दिसलं!" आधीचे ८८० रुपये त्या साधनामुळंच गेले असं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण पट्टी आमच्याकडंही नाही. पण ते काढलं आणि तिची नोंद यायला लागली, एवढं खरं. ते गेलेले पैसे काही परत येत नाहीत. तिला आपण पाच किलो इंद्रायणी पाठवला.

आता तुम्ही घरी आणि गटात काय करायचं, ते सांगतो. पोरांना शेजारी बसवून करा.

पहिलं, लॅपटॉपवर क्रोम उघडलं की वर उजवीकडं कोड्याच्या तुकड्यासारखं चित्र असतं. ते दाबा. बसवलेल्या साधनांची यादी दिसेल. ज्याचं नाव ओळखीचं नाही, ज्याचं काम माहीत नाही, ते काढून टाका.

दुसरं, नवीन काही बसवताना ते परवानगी मागतं. "सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे" अशा अर्थाची ओळ दिसली तर थांबा. वाचणे आणि बदलणे, दोन्ही शब्द नीट ऐका. बदलणे म्हणजे चिठ्ठी बदलणेही त्यात आलं.

तिसरं, फुकट मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा, "याचं पोट कशावर चालतं?" उत्तर मिळत नसेल तर ते कुणाच्या तरी ताटातलं खात असेल असं समजा.

चौथं, कुणाच्या सांगण्यावरून, कुणाच्या लिंकवरून खरेदी करत असाल, आणि पैसे भरताना मधेच "कूपन शोधू का" अशी चौकट आली, तर ती बंद करा. सूट घेणं हे काही पाप नाही. सुटीचा कोड माहीत असेल तर तो हातानं टाका, खुशाल पन्नास रुपये वाचवा. कुणी सांगितलं म्हणून घेतोय ते लक्षात असू द्या, एवढंच.

पाचवं आपल्यासाठी. आपल्यातल्या काही जणी आता व्हॉट्सॲपवर वस्तूंच्या लिंका पाठवून कमिशन मिळवतात. चांगली गोष्ट आहे. पण त्या मुलीनं सांगितलं होतं तसं आधीच सांगा, "मला यात कमिशन मिळतं." केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ च्या जानेवारीत जाहिरात करणाऱ्यांसाठी हेच सांगितलंय, की पैशाचा संबंध असेल तर तो उघड सांगायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन फसव्या युक्त्यांचे १३ प्रकार ठरवून त्यांना बंदी घातली गेली. टोपलीत गुपचूप जादा वस्तू टाकणं, खोटी घाई लावणं, हे त्यात येतं. हे नियम गिऱ्हाइकासाठी आहेत. गिऱ्हाईक म्हणून फसलात तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

येत्या बैठकीत एक काम करा. कर्जाचे हप्ते, बचत, सगळं उरकलं की मागच्या वर्षाचं विक्रीचं रजिस्टर काढा. एकेका मोठ्या विक्रीवर बोट ठेवा आणि मोठ्यानं विचारा, हे गिऱ्हाईक कुणी आणलं होतं? एखाद्या ओळीवर खोली गप्प झाली, तर तिथं थांबा. आणि बैठकीला यायची कुणी बंद झाली असेल, हजेरीत "घरगुती अडचण" लिहिलं असेल, तर एकदा तिच्या घरी चहाला जाऊन या.